जुळ्यांची गोळी

माझे दोन दीर जुळे. एक ताडमाड, एक बुटका, चेहराही वेगळा, पण बाकी सगळं दोघांत अर्धं अर्धं. मी लग्न होऊन आले तेव्हा शाळेत होते, म्हणून मी त्यांना अरेतुरेच करते. पुढे केस कापायचं दुकान काढलं तेही दोघांत. एकाला खोकला झाला की काढा दोघं प्यायचे. बायकोची वाटणी जमेना, म्हणून दोघांनीही लग्न केलं नाही, असं मी सगळ्यांना सांगायची.

मधे थोरला मनाने खचला. गिऱ्हाईक खुर्चीत बसलेलं आणि हा कात्री धरून नुसता उभा. डॉक्टरांनी मनाची गोळी दिली, तेव्हा कुठे हळूहळू पुन्हा शीळ घालायला लागला. मग धाकट्याचंही तेच सुरू झालं. डॉक्टरला दाखव म्हणून मी मागे लागले, तर म्हणाला, "कशाला, वहिनी? एका पोटचे आम्ही. त्याला लागू पडली ती मलाही पडेल."

झालं. रोज दुकान उघडलं की दोघं चहाबरोबर एकेक गोळी घ्यायचे. धाकटाही शीळ घालू लागला, मग शंका कुणाला येणार? अधूनमधून चक्कर येते म्हणायचा. थोरला म्हणे, दिवसभर उभं राहून येते.

एकदा गिऱ्हाइकाच्या गालाला फेस लावता लावता धाकटा खाली कोसळला. दवाखान्यात छातीला वायरी लावल्या, ठोक्यांचा ताल पार बिघडलेला. वाचला नाही.

रक्ताचा रिपोर्ट मागाहून आला. डॉक्टरबाईंनी मला कळेल असं सांगितलं. पोटात गेलेली गोळी मोडून काढायचं काम लिव्हर करतं. कुणाचं भरभर करतं, कुणाचं जन्मापासून संथ. धाकट्याचं संथ होतं. रोजची गोळी अंगात साचत गेली आणि तिने हृदयाचा ताल बिघडवला. जुळे झाले म्हणून आईबापांकडून दोघांना सारखंच मिळतं असं नाही, म्हणाल्या. थोरल्याचंही रक्त तपासलं, छातीला वायरी लावून ठोक्यांचा कागद काढला. तो ठणठणीत. गोळी बंद करू नका, असं त्यांनी बजावलं.

घरी येताच त्याने गोळ्यांचं पाकीट केरात टाकलं.

मी म्हटलं, "अरे, तुला ती सोसते. तिनेच तर उठून बसलास."

"सगळं अर्धं अर्धं घेतलं, वहिनी," तो म्हणाला. "आता हे एकट्याने घेऊ?"

आता रोज तो धाकट्याची खुर्ची लख्ख पुसतो. मग कात्री हातात घेऊन उभा राहतो. गिऱ्हाईक थोडी वाट बघतं आणि उठून जातं.