कुलूपबंद चॅनेल आणि काकूंचा शुक्रवार

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. फ्रिजमधल्या उरलेल्या भाजीच्या डब्यांसारखे ते आपोआप साठत जातात आणि एक दिवस दार उघडलं की अंगावर येतात! इथे आखातात, आमच्या अल कुसैसच्या बिल्डिंगमध्ये केबलवाल्यांनी चॅनेलना कुलूप लावलं, तेव्हापासून माझ्याकडे इतके डबे साठलेत की ते तुम्हाला वाढल्याशिवाय माझी सुटका नाही.

सुरुवात अर्थात समोरच्या फ्लॅटमधल्या दळवीकाकांपासून. काका फुजैराच्या ऑइल टर्मिनलवर इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये होते, रिटायर झाल्यावर काकूंसह इथे आले. मुलगा अमेय अबू धाबीला, अल रीम आयलंडवरच्या टॉवरमध्ये राहतो आणि दर फोनला म्हणतो, "आई, इकडे शिफ्ट व्हा ना." काकूंचं उत्तर ठरलेलं. "अरे, तिथे खिडकीतून समुद्र दिसतो, माणूस दिसत नाही. माझा शुक्रवार इथे आहे!"

आता हा शुक्रवार काय, ते सांगते. बिल्डिंगची केबल भिंतीतून यायची, ती सरळ टीव्हीच्या मागे खोचायची, खलास! टीव्हीच्या आतला डिजिटल ट्यूनर चॅनेल शोधून द्यायचा. बॉक्स नाही, काही नाही. काकांनी तसाच एक छोटा ट्यूनर जुन्या कॉम्प्युटरला जोडला होता. त्यावर ते आठवडाभर मालिका रेकॉर्ड करायचे, जाहिराती कापायचे, आणि शुक्रवारी संध्याकाळी आम्ही चार-पाचजणी काकूंकडे जमून सगळे भाग एका बैठकीत बघायचो. टीव्हीपेक्षा आमचाच आवाज जास्त असायचा.

*

जाहिराती कापता कापता काकांचा हात सुटला. एका शुक्रवारी बघतो तर मालिकेतली सून एकदम हॉस्पिटलात! मागच्या भागात ठणठणीत होती. आम्ही सगळ्या चक्रावलो.

"अहो काका, मधलं काहीतरी गेलंय," मी म्हटलं.

"गेलं नाही, मी कापलं. सासू दुधात विष कालवते असं दाखवत होते. चांगल्या घरातल्या बायकांनी कशाला बघायचं?"

"मग आता ती आजारी कशाने पडली समजायचं?"

काका शांतपणे म्हणाले, "ॲसिडिटी!"

पुढे त्या ॲसिडिटीची पोलीस चौकशी झाली, सासूला अटक झाली. आम्ही बघत राहिलो.

*

मग एक दिवस लिफ्टमध्ये नोटीस लागली. पुढच्या महिन्यापासून सगळे चॅनेल एन्क्रिप्टेड, प्रत्येक फ्लॅटला कंपनीचा बॉक्स घ्यावा लागेल. तिसऱ्या मजल्यावरच्या मुकादमभाभी रत्नागिरीच्या. त्यांनी लिफ्टमध्येच काकांना गाठलं.

"दळवीभाई, हे एन्क्रिप्टेड म्हणजे काय?"

"म्हणजे भाभी, चॅनेल केबलमधून तुमच्या घरापर्यंत येणार, पण कुलूप लावून. किल्ली त्यांच्या बॉक्समध्ये."

भाभी म्हणाल्या, "या अल्ला! उघडायचंच नसेल तर घरापर्यंत येतोच कशाला?"

काकांनी लिफ्टचं बटण पुन्हा एकदा दाबलं. लिफ्ट मात्र पोचली होती.

*

आमच्या घरी संजयने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, बॉक्स घ्यायला साफ नकार दिला. "आपल्या टीव्हीत ट्यूनर आहे, तो काय शोभेला आहे?" असं म्हणून त्याने ऑटो-स्कॅन लावला. टक्के वाढत गेले, चॅनेल काही सापडेनात. शेवटी एक सापडला. उंटांच्या शर्यतींचा! तेवढ्या एकाला कुलूप लावायला ते विसरले असावेत.

आता हरायचं कसं? संजय रोज ऑफिसातून आला की उंट बघत बसायचा. आधी अभिमानाखातर, मग खरोखरच. अरबी कॉमेंटरीवर मान डोलवायचा. एकदा जेवताना म्हणाला, "तो निळ्या झुलीवाला आहे ना, सुरुवातीला दम राखून ठेवतो. बघ तू, फायनल मारणार."

आमची तन्वी मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाली, "बाबा, यू डोन्ट इव्हन नो माय टीचर्स नेम."

दुसऱ्या दिवशी आमच्याकडे बॉक्स आला.

*

काका मात्र लढले. त्यांच्या टीव्हीच्या मागे एक खाच होती. तिच्यात कंपनीचं कार्ड बसवलं की बॉक्सशिवाय चॅनेल उघडतात, असं त्यांनी मॅन्युअलमध्ये वाचलं होतं. कॉल सेंटरला फोन लावला, स्पीकरवर. आम्ही सगळ्या शेजारी बसलेल्या.

पलीकडची मुलगी फार गोड बोलत होती. "सर, वी डोन्ट गिव्ह कार्ड. दॅट स्लॉट इज ओन्ली फॉर युरोप, सर."

"मग मी काय करू? टीव्ही युरोपला पाठवू?"

"वन मोमेंट सर, आय विल चेक." आणि ती खरंच चेक करायला गेली! बऱ्याच वेळाने परत आली. "सॉरी सर, नो शिपिंग."

*

शेवटी काकांकडेही बॉक्स आला, पण त्यांच्या ट्यूनरला त्याचा काही उपयोग नव्हता. त्यातून कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंग घेतलं की नुसता काळा पडदा आणि कोपऱ्यात घड्याळ. तरी काकांनी हार मानली नाही. टीव्हीसमोर स्टँडवर मोबाईल ठेवला आणि मालिका चक्क शूट केली.

शुक्रवारी ती आम्ही बघितली. नायिका डोळ्यांत पाणी आणून म्हणते, "मला तुझ्याकडून काहीच नको," आणि लगेच काकूंचा आवाज, "अहो, निदान गॅस तरी बंद करा!" मग पडद्यावरून काकू स्वतः लाटणं घेऊन इकडून तिकडे गेल्या. आम्ही तो सीन तीनदा बघितला. मूळ मालिकेत तेवढा दम नव्हता.

पण काका खट्टू झाले. म्हणाले, "जमत नाही आता. तुम्ही आपापल्या बॉक्सवर बघा, चांगलं दिसतं." कॉम्प्युटर त्यांनी कपाटावर टाकला.

आणि आम्ही खरंच आपापल्या घरी बघायला लागलो. कुणाचं भांडण नाही, काही नाही. प्रत्येकीकडे बॉक्स होता, वेळ आपल्या हातात होती. दोन-तीन शुक्रवार असेच गेले. मग एकदा कचरा टाकायला बाहेर पडले तर काकूंचं दार सताड उघडं. आत टीपॉयवर कप मांडलेले, साबुदाणा वडे झाकून ठेवलेले. काकू म्हणाल्या, "काही नाही गं, सवयीने जास्त केले." मला फार वाईट वाटलं.

त्या आठवड्यात कळलं की काकूंनी अमेयला शिफ्टिंगबद्दल "बघू" म्हटलंय. काकू आजवर कधी "बघू" म्हणाल्या नव्हत्या.

*

पुढच्या शुक्रवारी अमेय आई-बाबांचं सामान किती आहे ते बघायला आला. बेल वाजली. दारात मुकादमभाभी, हातात खजुराचा डबा.

"काय सांगू वहिनी, आमच्या बॉक्सवर नुसती लाल लाईट. तुमच्याकडे बसू का?"

त्यांच्या मागोमाग मी. "काकू, आमचा तर सुरूच होत नाहीये." माझ्या मागे पाचव्या मजल्यावरच्या कुलकर्णीबाई, त्यांच्याही बॉक्सने मान टाकलेली. त्यांच्या मागे त्यांची सून. पाच मिनिटांत हॉल भरला, काकूंनी वड्यांची कढई चढवली, काकांना स्टुलावर बसावं लागलं.

अमेय गुणी मुलगा. त्याला आमची दया आली. "आंटी, अख्ख्या बिल्डिंगचे बॉक्स गेलेत म्हणजे मेजर फॉल्ट आहे. थांबा, माझा मित्र आहे कंपनीत." आम्ही म्हटलं, राहू दे रे, कशाला त्रास. पण त्याने फोन लावलाच, आणि नेमका त्यांचा माणूस मागच्याच गल्लीत होता!

तो आला. अमेयने त्याला फ्लॅट नंबर सांगितले. घरोघरी नवरे आणि मुलं होतीच दार उघडायला. इकडे मालिका रंगात आली होती, पण आमच्यातली एकही टीव्हीकडे बघत नव्हती. काकूंनी गरम वडे आणले तेव्हा तो माणूस परत आला आणि दारातूनच अमेयला म्हणाला, "सर, सब बॉक्स एकदम ठीक है. सबका प्लग निकाला हुआ है. जाके लगा दूँ?"

आम्ही सगळ्या एका सुरात ओरडलो, "नको!"

आणि सगळ्यात मोठा आवाज अमेयचा होता.