इस्कूलचं स्पेलिंग

मॅट्रिकला मी इंग्रजीत नापास झाले आणि त्याच वर्षी पावसानं दगा दिला. बहात्तरच्या दुष्काळात घरातल्या सगळ्यांबरोबर मीही तेर गावच्या रस्त्याच्या सरकारी कामावर खडी फोडायला जाऊ लागले. शेजारी वहिनी बसायच्या. थोरल्या भावाची बायको, लग्न होऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं. त्याही मॅट्रिकच्या इंग्रजीतच अडकलेल्या.

एका दुपारी हातोडा मारता मारता मी स्टेशनचं स्पेलिंग पुटपुटत होते, "आय, एस, टी..."

वहिनींचा हात थांबला. "वन्सं, त्यात आय कुठनं आला?"

"इष्टेशन म्हणतो की आपण."

"तोंडानं म्हणा. कागदावर लिहू नका. इस्कूल, इष्टूल, इष्टेशन, समदे एसपासनं सुरू व्हत्यात."

उत्तरपत्रिकेत मी निबंधभर 'इस्कूल' लिहून आले होते.

त्या दिवसापासून आमची शाळा खडीवर भरू लागली. वहिनी चुनखडीच्या तुकड्यानं काळ्या दगडावर शब्द लिहायच्या. मधेच एखादा मुद्दाम चुकीचा लिहायच्या; तो ओळखून त्याचा दगड मी फोडायचा. वेन्सडे म्हणायचं, पण मनात 'वेड-नेस-डे' असं तोडून घोकायचं. सी आला की ई पुढं, आय मागं, म्हणून रिसीव्ह. बिलीव्हला मात्र मी हमखास चुकायची.

"बिलीव्हच्या पोटात लाय हाय बघा. लाय म्हंजी खोटं," वहिनी म्हणाल्या. "इस्वासाच्या पोटात खोटं. आता इसरून दावा."

आजतागायत विसरले नाही.

एकदा मुकादम मागं येऊन उभा राहिला. आमचं एल, आय, ई चाललेलं. "काय गं, मला इंग्रजीत शिव्या देता व्हय?" आजूबाजूच्या बाया खो खो हसल्या. पुढं कितीतरी दिवस त्यातली एखादी आमच्याकडं बघून, "आज मुकादमाला काय म्हनला?" असं विचारायची.

मार्चच्या परीक्षेला दोघींनी बसायचं ठरलं तेव्हा भाऊ कुरकुरला. "लगीन झालं, आता कशाला परीक्षा?"

आई भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "दगूड फोडाय चालती, मग पेपर लिवाय का चालत न्हाय?"

शेवटी परीक्षेला दोघींना उस्मानाबादेत केंद्रावर तोच सोडून आला.

निकाल लागला. वहिनी पास झाल्या. मी पुन्हा इंग्रजीतच राहिले.

सगळे त्यांचं कौतुक करत होते आणि मला ते बघवत नव्हतं. मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. त्यांनी वाढलेलं ताट मुकाट्यानं घ्यायचं, तोंड फिरवून जेवायचं. शेवटी त्याच माझ्यासमोर येऊन बसल्या. "वन्सं, रुसून इंग्रजी येत न्हाय. पेपर लिहून झाल्यावर वाचला व्हता का?"

"वाचला. चूक दिसली न्हाय."

"सरळ वाचलं की डोळं अर्थामागं पळत्यात. शेवटच्या शब्दापासनं उलटं वाचत या. एकेक शब्द सुटा दिसतो."

त्या तेव्हा गरोदर होत्या. पाय सुजलेले, तरी रोज संध्याकाळी ओट्यावर बसून माझ्याकडून पानंच्या पानं उलटी वाचून घ्यायच्या. किती चुका माझ्या माझ्याच हाती लागायच्या! राग कधी गेला ते कळलंसुद्धा नाही.

ऑक्टोबरला मी पुन्हा परीक्षा दिली. निकाल आला तेव्हा वहिनी बाळंतपणाला परंड्याला माहेरी होत्या. मी एसटीनं तिकडं गेले. त्या बाळाला पाजत होत्या. मला दारात बघताच म्हणाल्या, "इंग्रजीचं काय?"

"काठावर पास."

"काठ का असंना," त्या हसल्या, "भाईर तर आलात." मग बाळ माझ्या मांडीवर दिलं आणि त्यांच्या आईला हाक मारून चहा ठेवायला सांगितला.