दोन सिंहिणी

माझे धाकटे दीर, थ्येनफा भाऊजी, पोरवयापासून छिन्नी धरून आहेत. आमच्या ह्वेआन गावात घरोघर पाथरवट, त्यात नवल काही नाही. माणूस सरळ, पण एकदा नाकावर राग बसला की उठायचं नाव नाही.

देवळाच्या दाराशी दगडी सिंह बसतात ते जोडीनं. नराच्या पंजाखाली चेंडू, म्हणजे बाहेरची सत्ता. मादीच्या पंजाखाली पिल्लू, म्हणजे घरदार, वंश. सासरे होते तोवर नर तेच घडवायचे. ते गेले आणि आमच्या ह्यांनी कुणाला न विचारता नराचा दगड आपल्याकडे ओढला.

"म्हणजे मी जन्मभर पिल्लंच कोरायची होय?" भाऊजी भडकले.

"मोठा मी आहे," हे म्हणाले.

झालं! दोघांच्या कामाच्या शेडमध्ये मधोमध चटया टांगल्या गेल्या. दोन वर्षं भावाभावांत शब्द नाही. दोघांना पेज नेऊन देता देता माझा जीव अगदी विटला होता.

मग माझूदेवीच्या देवळाचे कारभारी, लिनकाका आले. दोघांना एकेक दगड दिला. म्हणाले, "कोण काय घडवणार ते तुम्हीच ठरवा. जोडी जमली नाही तर काम दुसऱ्या गावाला देईन."

ठरवणार कसं? बोलतंय कोण! मी विचारलं तर दोघंही म्हणत, "दिसेलच." मला धडकी भरली होती. दोघंही हट्टानं नरच करणार, काम जाणार आणि शेड कायमची फुटणार.

ठरल्या दिवशी चटया काढल्या. बघते तर काय, दोन्हीकडे पंजाखाली पिल्लू!

"अरे, थट्टा लावलीय का?" लिनकाका ओरडले. "देवीच्या दाराशी दोन बायका बसवू?"

भाऊजींना राहवेना. "दादा, तुला नर हवा होता ना?"

"तुला हवा होता म्हणून सोडला! गाढवा, विचारायचं तरी!"

"तू विचारलंस का?"

"थोरल्यानं विचारायचं असतं होय रे?"

"बास!" लिनकाकांनी कानांवर हात ठेवले. "आणखी एक दगड पाठवतो. नर कोण करणार तेवढं बोला!"

"हा करेल!" दोघंही एकमेकांकडे बोट दाखवून ओरडले आणि त्यावरून पुन्हा जुंपली. शेजारीपाजारी गोळा झाले. कुणीतरी मला म्हणालं, "अगं, आवर त्यांना."

कशाला आवरू? दोन वर्षांनी बोलत होते ना! मी तिथंच दगडाच्या कपच्यांत बसले आणि पोटभर रडले.