सलीम मिस्त्रींचा हेवा

बस पंक्चर झाली म्हणून मी महामार्गावरच्या गॅरेजात बसलो होतो. समोर टोमॅटोंनी भरलेला ट्रक बंद पडला होता. स्कॅनरने दोष ईसीएमवर, म्हणजे इंजिनाच्या इलेक्ट्रॉनिक मेंदूवर ठेवला होता. तरी सलीम मिस्त्री एकेक वायर तपासत होते.

“वस्ताद, बदला की! माल सडेल,” ड्रायव्हर कळवळला.

“वायर शॉर्ट असली तर नवाही जळेल. मग बस ट्रकातच चटणी करत.”

वायरी ठीक निघाल्या. मिस्त्रींनी ईसीएम बदलला, लॅपटॉपवरून त्यात गाडीची माहिती भरली. पहिल्याच चावीला इंजिन धडधडलं आणि ड्रायव्हर त्यांना मिठी मारून निघालासुद्धा.

मला जळजळीत हेवा वाटला. तीस वर्षं मी कवितांमधले दोष दाखवतो आहे. त्यामुळे सुरू झालेली एकही कविता आठवत नाही. बंद पडलेले कवी मात्र दोन-तीन आठवतात.