शेत तुमचंच, भाऊ

तिला सगळे पडदेवाली म्हणतात. पुढे दुकान, मागे एक खोली, आणि मध्ये तिनेच शिवलेला जाड पडदा. नवऱ्याचं आजारपण आणि मुलीची अभ्यासाची वर्षं त्या पडद्यामागे गेली. पुढे मशीन चालू राहिलं.

हिवाळ्यात जागेचा मालक मोजपट्टी घेतलेल्या एका माणसासोबत आला. "जागा विकतोय, आधी तुम्हालाच विचारतोय. उन्हाळ्यापर्यंत घेत असाल तर तुमची. नाहीतर हे औषधवाले तयारच आहेत." औषधवाला तोवर भिंत मोजायलाही लागला होता.

तिच्याकडे विकण्यासारखं एकच होतं, वडिलांचं शेत. सातबारा तिच्या एकटीच्या नावावर. गिऱ्हाईकही मिळालं. त्याला तिथे गोदाम बांधायचं होतं. कागद तपासायला ती वकीलबाईंकडे गेली. त्यांच्या ऑफिसचे पडदे तिचेच, त्यामुळे चहा लगेच आला.

"नाव स्वच्छ आहे, बोजा नाही," कागद चाळत वकीलबाई म्हणाल्या. "शेत कसतं कोण?"

"भाऊ."

"सख्खे?"

"नाही हो, मी म्हणते भाऊ. वडिलांनी ठेवलेला माणूस."

"करार?"

"करार कसला? वडील म्हणाले कर, भाऊंनी केलं. निम्मं पीक देतात, वर पिशवीभर कणसं."

"जमिनीबद्दल कधी काही बोलणं झालंय?"

पडदेवाली हसली. "चार माणसं बोलतात तसंच. कणसं देताना ते संकोचतात, मग मी म्हणते, अहो, शेत तुमचंच आहे, भाऊ."

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. "कुणासमोर म्हणालात?"

"कुणासमोर म्हणजे? सगळ्यांसमोर. बांधावरच्या शेजाऱ्यांसमोर. व्याह्यांशी ओळख करून देताना तर म्हटलं होतं, हे भाऊ, आमच्या शेताचे खरे मालक."

"मावशी, तुम्ही माझ्या पडद्याचं माप लिहून घेता आणि शेत तोंडी देऊन टाकता?" वकीलबाई हसल्या, पण थोडंच. "नाव तुमचं असलं तरी वहिवाट त्यांची आहे. इतकी वर्षं शेत त्यांच्या हातात, आणि मालकीण स्वतः चारचौघांत म्हणते, तुमचंच. उद्या ते कोर्टात गेले तर निकाल त्यांच्या बाजूने लागेलच असं नाही. पण दावा चालू असलेली जमीन कोण घेईल? तोवर तुमचं दुकान गेलेलं असेल."

त्यांनी एक कागद तयार करून दिला. मी ही जमीन मालकिणीच्या परवानगीने कसत आलो, माझा तीवर हक्क नाही, विक्रीला हरकत नाही. खाली भाऊच्या सहीची जागा. निरोप देताना वकीलबाईंनी बजावलं, "आणि ते वाक्य पुन्हा तोंडातून काढू नका."

कागद आठवडाभर मशीनच्या खणात पडून राहिला. या काळात तिने एका हॉटेलचे पडदे वीतभर आखूड कापले. कात्री चालवताना ती आठवत होती, कोणत्या साली, कुणादेखत, काय म्हटलं. आठवणीत भाऊ दर वेळी गप्प असायचा. ते गप्प राहणं तिला नेहमी भिडस्तपणाचं वाटलं होतं. आता वाटायला लागलं, तो ऐकून ठेवत होता.

मुलीने फोनवर भर घातली. "एकटी जाऊ नकोस. त्यांच्या हातात कायम विळा असतो."

"शेतकऱ्याच्या हातात विळा नाहीतर काय पंखा असेल?" पडदेवाली म्हणाली. पण फोन ठेवल्यावर ती पाणी प्यायली.

शेवटी ती एकटीच गेली. भाऊ झोपडीपुढे मक्याची कणसं सोलत बसला होता. त्याची बायको, तिची वहिनी, आत भांडी घासत होती.

"ताई, आज कळवलं नाहीत?" भाऊने उठून खाट पुढे ओढली.

तिने आडवळण घेतलं नाही. शेत विकायचंय म्हणाली आणि कागद पुढे केला. भाऊने हात धोतराला पुसले, एकेका शब्दाखाली बोट ठेवत वाचलं. आतला भांड्यांचा आवाज थांबला.

"परवानगीने," तो म्हणाला. "मी कधी मागितली परवानगी?"

"तुमचे वडील आमच्या दारात आले होते. म्हणाले, चल, माझ्याच्याने होत नाही. बोलावल्यावरून आलोय मी. तसं लिहा."

"आणि तुम्हीच तर म्हणायचात ना, शेत आमचंच म्हणून?" वहिनी दारात येऊन हसली. "आम्ही घरी नक्कल करायचो तुमची."

त्या हसण्यात काय होतं, ते पडदेवालीला कळेना. तिने वकीलबाईंना फोन लावला. भाऊ काय म्हणतो ते सांगितलं. "चालेल," त्या म्हणाल्या. "बोलावणं म्हणजे परवानगीच झाली. बाकीचं मात्र खोडू देऊ नका."

तिने 'परवानगीने' खोडून वर 'बोलावण्यावरून' लिहिलं. भाऊने पेन घेतलं, सहीच्या जागेवर टेकवलं आणि विचारलं,

"नवा मालक ठेवेल ना मला?"

"ठेवेल की" हे शब्द तिच्या ओठांवर आले होते. ते म्हटले असते तर सही झाली असती, आणि गोदामाचा पाया खणला जाईपर्यंत त्याला काही कळलं नसतं. वहिनी तिच्याकडे बघत होती.

"नाही ठेवणार, भाऊ," ती म्हणाली. "त्याला गोदाम बांधायचंय."

पेन कागदावरून उचललं गेलं. भाऊने मक्याकडे पाहिलं, मग बायकोकडे. पडदेवालीच्या डोळ्यांपुढे औषधवाल्याची मोजपट्टी आली, दुकानाच्या भिंतीला टेकवलेली.

"उभं पीक?" वहिनीने विचारलं.

"ते तुमचं. सगळं. ते निघाल्यावरच तो ताबा घेईल. लिहून देते."

"लिहाच," वहिनी म्हणाली. "तुमचं तोंडी आम्ही पुष्कळ ऐकलंय."

तिने समासात तसं लिहून खाली स्वतःची सही केली. भाऊने परत सगळं वाचलं, बोट ठेवून, पहिल्या ओळीपासून. मग सही केली. साक्षीदार म्हणून वहिनीने केली. कुणी चहाचं विचारलं नाही.

कागद पिशवीत घालून ती उठली. शेताच्या चारही कडा एकदा फिरून पाहायच्या, असं घरून ठरवून आली होती. आता शेतावर तिच्याखेरीज कुणाचाच हक्क नव्हता. ती बांधापर्यंत गेली, आणि मक्यात पाऊल टाकायची तिची हिंमत झाली नाही. मागे कणसं सोलल्याचा आवाज पुन्हा सुरू झाला होता. मान न वळवता ती भराभर रस्त्याला लागली.