फाटकं नेसून ये

“चांगलं पातळ नेसून आलीस की. फोटोत गरीब कशी दिसशील? जा, फाटकं नेसून ये.”

मालकीणबाई माझ्या बायकोला म्हणाल्या. पिंपरीत आमच्या वस्तीपुढं कंपनीनं मांडव घातलेला. कामगारांच्या बायकांना साडीवाटप. आमंत्रण आलं म्हणून ही जयंतीला नेसायचं पांढरं पातळ नेसून गेली. पाहुणीसारखी.

ती माझ्याकडं बघायला लागली. मी तिथंच, सतरंज्या अंथरायला लावलेला. शेजारी सुपरवायझर. मी म्हणालो, “जा गं, बदलून ये.”

बाईंचं बोलणं मी विसरलोही असतो. माझं ते वाक्य मात्र विसरता येत नाही.

गेली. ठिगळाचं लुगडं नेसून आली. साडी घेतली, फोटो निघाला. घरी आल्यावर एवढंच बोलली, “मी मागायला गेले नव्हते. तुम्हाला तरी माहीत होतं ना?”

त्या साडीची घडी तिनं मोडली नाही. शेजारच्या गिरजाला देऊन टाकली. गिरजाला नेसायला खरंच काही नव्हतं. दोन वर्षं नेसली तिनं. खोटं कशाला बोलू, अंग झाकलंच त्या साडीनं.

पुढच्या वर्षी पगाराला कारकुनानं कागद पुढं केला. मागल्या साली असल्याच कागदावर न वाचताच सही ठोकलेली. चौथी शिकलेला माणूस मी, या वेळी अक्षर अक्षर जुळवत वाचलं. एक दिवसाचा पगार, स्वखुशीनं, कामगार कुटुंबांच्या वस्त्रदानासाठी. म्हणजे पैसा आमचा, बायको आमची. दाता मालक.

“कर की सही, राव. सगळ्यांनी केलीय.”

“मी नाही करत.”

“एका दिवसाच्या पगारानं मरतोस का?”

“मरत नाही. पण देत नाही.”

वर्षभर ओव्हरटाइम बंद. हिनं चार घरची भांडी घासली, पण सही करून टाका असं एकदाही म्हणाली नाही.

आता ती गेली. वर्ष होत आलं. पोरगा म्हणतो, “दादा, आईच्या नावानं चादरी वाटू. चार लोकांत नाव होईल.”

माझ्याकडं रिटायर झालो तेव्हाच्या फंडाचे उरलेले पैसे आहेत, तेवढेच. चादरीनं थंडी जाते, हे मला कळतं. गिरजा बघितलीय मी. पण पुढल्या थंडीला तोच माणूस पुन्हा रांगेत, आणि आपण पुन्हा दाते. हे कुठवर चालवायचं?

आमच्याच कंपनीतल्या झाडूवाल्या बायका ठेकेदारानं काढून टाकल्यात. पगार वाढवून मागितला, हा गुन्हा. पुण्याला लेबर कोर्टात केस आहे. वकील फी मागतो, तारखेला जायला बसचे पैसे नाहीत. मी सगळे पैसे तिकडं देणार म्हटल्यावर पोरगा भडकला. म्हणाला, केस हरल्या तर पैसे पाण्यात.

जाऊ देत पाण्यात. हरल्या तर वरच्या कोर्टात जातील. हातपाय चालतात अजून माझे. कुठंतरी वॉचमन म्हणून उभा राहीन आणि ती फीसुद्धा भरीन. चादर मात्र एक वाटणार नाही.