फाटकातला हात

कांद्याचा वास आला की लासलगावचा रस्ता आठवतो. वडील गेले, तेरावा झाला आणि त्यांची पिकअप घेणाऱ्याच्या ताब्यात द्यायला मी एकटीच निघाले. मागे हौद्यात कांद्याची टरफलं अजून उडत होती. समोरून येणारा प्रत्येक पिकअपवाला स्टिअरिंगवरून हात उचलायचा. तो हात मला नाही, गाडीला आहे, हे दोन-तीन गाड्या गेल्यावर लक्षात आलं. मग मीही उचलत गेले. रेल्वे फाटकात एकाने शेजारी गाडी लावून माझ्या उघड्या काचेतून विचारलं, "ताई, आज नाना नाय आले? बरे हायेत ना?" मी म्हटलं, "बरे आहेत." तो हसला, हात केला, फाटक उघडलं. मला रडू आलं नाही. आता त्या रस्त्याने मी कारने जाते, कुणी हात करत नाही. तरी फाटक बंद दिसलं की आधी काच वर घेते.